आज्ञावलीतील अकाली निर्गमन : एका जुन्या वादाचा आढावा

बोरी नदीच्या काठी वसलेल्या अमळनेरात १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, आणि त्यानंतर एका पिढीच्या अंतराने, १९४५ च्या डिसेंबर महिन्यात, त्याच गावी वनस्पती तूप काढणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. पहिल्या संस्थेत अद्वैताचा अभ्यास करणाऱ्याला प्रत्येक विधानापाशी थांबून, हे येथे सत्य मानावयाचे ते कोणत्या आधारावर, असे विचारण्याची सवय लावून घ्यावी लागे. दुसरी संस्था पुढे विप्रो हे नाव धारण करून १९८० च्या सुमारास संगणकाच्या व्यवसायात शिरली आणि तिच्या दप्तरी तुपाच्या डब्यांच्या हिशेबाशेजारी आज्ञावलींचाही हिशेब सुरू झाला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध शोधण्याचा खटाटोप व्यर्थ होय; परंतु प्रस्तुत लेखाचा विषयच असा आहे की त्यात पहिल्या संस्थेचा प्रश्न दुसऱ्या संस्थेच्या धंद्याला विचारावा लागतो.

विषय असा. संगणकाची आज्ञावली सामान्यतः वरून खाली वाचली जाते; अट आली की तिला दोन शाखा फुटतात, लूप आला की काही ओळींची पुनरावृत्ती होते, आणि फंक्शन संपले की नियंत्रण ज्याने त्याला बोलाविले त्याच्याकडे परत जाते. परंतु बहुतेक भाषांत या सरळ वहिवाटीला छेद देणाऱ्या काही आज्ञा असतात: ब्रेक ही लूप अर्धवट सोडून बाहेर काढते, कंटिन्यू ही चालू फेरीचा उरलेला भाग टाकून पुढील फेरीस आरंभ करते, मध्येच लिहिलेले रिटर्न फंक्शनच बरखास्त करते, आणि या सर्वांचा ज्येष्ठ बंधू जो गोटू तो कोठूनही कोठेही नेतो. या आज्ञांचा वापर टाळला असता आज्ञावली वाचावयास सुगम होते काय, आणि होत असल्यास टाळण्याची किंमत कोण भरतो, या प्रश्नावर सुमारे साठ वर्षे वाद चालू आहे. आमच्या खानदेशातून पुण्याच्या कचेऱ्यांत गेलेली मुलेमुली 'लवकर रिटर्न मार' आणि 'एकच रिटर्न ठेव' हे दोन्ही उपदेश एकाच आठवड्यात दोन निरनिराळ्या वरिष्ठांकडून ऐकतात, आणि दोन्ही वरिष्ठ आपापला उपदेश स्वयंसिद्ध समजतात.

वादाचा मूळ दस्तऐवज म्हणून ज्याकडे बोट दाखविले जाते ते एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे, १९६८ च्या मार्चमध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात छापले गेलेले पत्र होय. त्याचे जहाल शीर्षक लेखकाचे नसून संपादक निक्लाऊस व्हिर्ट यांनी दिलेले होते, आणि पुढील पिढ्यांनी बहुधा शीर्षकच वाचले, कारण पत्रातील युक्तिवाद शीर्षकापेक्षा पुष्कळच संयमी आहे. डाइक्स्ट्रा यांचे म्हणणे असे की, मनुष्याच्या बुद्धीला स्थिर संबंध आकळतात, पण काळाच्या ओघात उलगडत जाणारी प्रक्रिया डोळ्यांपुढे आणणे तिला जड जाते; सबब कागदावरील मजकूर आणि यंत्रात प्रत्यक्ष घडणारी क्रिया यांतील अंतर जितके कमी राखता येईल तितके राखावे. यंत्र एखाद्या क्षणी कोठे आहे हे सांगावयाचे झाल्यास मजकुरातील जागा, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलाविले त्याची साखळी आणि लूपच्या कितव्या फेरीत आहोत तो आकडा, एवढा पत्ता पुरेसा व्हावा. गोटूचा मुक्त संचार सुरू झाला की असा अर्थपूर्ण पत्ताच देता येत नाही. मात्र त्याच पत्रात, गोटूचा वापर केवळ संकटकाळी बाहेर पडण्यापुरता मर्यादित ठेवावा अशी शिफारस आपण पूर्वी वाचली होती आणि ती बहुधा टोनी होर यांची असावी, अशीही आठवण त्यांनी नमूद केली आहे. ज्या कागदाने गोटूला हद्दपार केले, त्याच कागदात अपवादाचीही नोंद आहे, ही गोष्ट कडव्या अनुयायांच्या नजरेतून निसटली.

दुसरा आधार देण्यात येतो तो कोराडो बोम आणि जुझेप्पे याकोपिनी या इटालियन गणितज्ञांच्या १९६६ च्या सिद्धांताचा. अनुक्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांनी कोणतीही गणनप्रक्रिया मांडता येते, हे त्यांनी सिद्ध केले, आणि लोकांनी त्यावरून असे अनुमान काढले की या तिघींपलीकडे जे आहे ते सर्व अनावश्यक. हे अनुमान घाईचे होय. सिद्धांत शक्यतेबद्दल बोलतो, सुगमतेबद्दल नव्हे. आणि ती शक्यता प्रत्यक्षात आणण्यासाठी पुष्कळदा नवे चल निर्माण करून, आपण कोठे होतो याची आठवण त्यांत साठवावी लागते. खुद्द डाइक्स्ट्रा यांनीही उपरोक्त पत्रात, कोणत्याही प्रवाहचित्राचे यांत्रिकपणे असे रूपांतर केल्याने ते अधिक स्पष्ट होईल अशी अपेक्षा बाळगू नये, असा इशारा दिला होता.

'प्रवेश एक, निर्गमन एक' हे जे सूत्र पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झाले, त्याचा विचार करताना त्या काळच्या भाषांचे वर्तन ध्यानात घेणे अगत्याचे आहे. फोर्ट्रानमध्ये एन्ट्री या आज्ञेने एखाद्या उपकार्यात मध्येच शिरता येत असे, आणि पर्यायी रिटर्नची सोय अशी होती की बाहेर पडताना नियंत्रण बोलावणाऱ्याच्या मजकुरात वेगवेगळ्या ठिकाणी परत जाऊ शके. अशा परिस्थितीत निर्गमन एकच असावे हा आग्रह, माझ्या मते, मुख्यतः परत जाण्याची जागा एकच असावी यासाठी होता. आजच्या भाषांत रिटर्न दहा ठिकाणी लिहिले तरी परतण्याची जागा एकच असते. हा फरक लक्षात न घेता जुने सूत्र नव्या भाषेला जसेच्या तसे लावणारे पुष्कळ आहेत.

तरीसुद्धा सूत्रात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, आणि ते तथ्य कोठे आहे हे पाहावयाचे तर होर यांच्या १९६९ च्या निबंधाकडे वळले पाहिजे. आज्ञावलीविषयी तर्कशास्त्राच्या पद्धतीने सिद्धता कशी द्यावी हे त्या निबंधाने दाखविले, आणि त्यातील लूपचा नियम दिसावयास साधा आहे: लूपच्या शिरोभागी जी अट लिहिली असेल ती, लूप संपल्यावर, खोटी ठरलेली असते. एखाद्या गावच्या गट क्रमांकांची यादी संगणकात आहे आणि तीत अमुक क्रमांक आहे की नाही हे पाहावयाचे आहे, असे समजू. 'यादी संपलेली नाही आणि समोरचा क्रमांक हवा तो नाही' अशी अट शिरोभागी लिहिली, तर लूपच्या पोटात काय आहे ते न उघडताही वाचकाला खात्रीने सांगता येते की, बाहेर आल्यावर एक तर यादी संपली आहे किंवा हवा तो क्रमांक समोर उभा आहे. याउलट, शिरोभागी केवळ 'यादी संपलेली नाही' एवढेच लिहिले आणि पोटात 'सापडला तर ब्रेक' असे घातले, तर शिरोभागीची अट खोटी ठरली असेल असा भरवसा उरत नाही. लूपचे सबंध पोट वाचून, त्यात ब्रेक किती व कोणत्या अटींवर आहेत हे मोजून, मगच बाहेरच्या पहिल्या ओळीवर काय सत्य आहे ते ठरवावे लागते. पाच ओळींच्या लूपमध्ये हा भुर्दंड नगण्य असतो. सत्तर ओळींच्या लूपमध्ये तीन ब्रेक विखुरलेले असले की तो प्रत्येक वाचकाला प्रत्येक वेळी भरावा लागतो, आणि आज्ञावली लिहिली जाते एकदा, वाचली जाते अनेकदा.

नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक महाराष्ट्रातील अभियांत्रिकी व विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी वाचले आहे, आणि त्यात ब्रेक समजावून देण्यासाठी मूळ संख्या ओळखण्याचे जे उदाहरण घेतले आहे ते या दृष्टीने फार बोधक आहे. भाजक सापडला की संख्या मूळ नाही असे छापून ब्रेकने बाहेर पडावयाचे. पण लूपनंतर लगेच, मोजणारा चल शेवटपर्यंत पोचला होता काय, अशी चौकशी पुन्हा करावी लागते, कारण बाहेर येण्याचे मार्ग दोन आणि ओळ एक. तेच पुस्तक गोटूपासून मात्र विद्यार्थ्याला निग्रहाने परावृत्त करते. गोटू वर्ज्य आणि ब्रेक ग्राह्य, हा जो संस्कार आपल्याकडील सरासरी प्रोग्रामरवर आढळतो, त्याचे श्रेय वा दोष पुष्कळ अंशी अशा पाठ्यपुस्तकांकडे जातो.

गट क्रमांकांच्या यादीच्या वरील उदाहरणात आणखी एक ऐतिहासिक पेच दडलेला आहे. व्हिर्ट यांनी १९७० साली पास्कल ही भाषा प्रसिद्ध केली, तीत ब्रेकही नव्हता आणि मध्येच रिटर्नही नव्हते, म्हणून शुद्ध रचनेच्या पुरस्कर्त्यांना ती अध्यापनासाठी आदर्श वाटली. परंतु प्रमाण पास्कलमध्ये जोडअटीचा पूर्वार्ध खोटा निघाला तर उत्तरार्ध तपासू नये असा निर्बंध नव्हता. परिणामी 'यादी संपलेली नाही आणि समोरचा क्रमांक हवा तो नाही' ही दिसावयास निर्दोष अट यादीच्या टोकाला पोचताच यादीबाहेरची जागा वाचू पाहत असे आणि आज्ञावली कोसळे. त्यावर उपाय म्हणून कोणी यादीच्या अखेरीस हवा तोच क्रमांक मुद्दाम लिहून ठेवीत, तर बहुसंख्य लोक 'सापडले' नावाचा एक फ्लॅग, म्हणजे होय-नाही एवढेच सांगणारा चल, बाळगीत. त्या काळच्या पुस्तकांत फ्लॅगांची जी गर्दी आढळते ती बरीचशी या अडचणीतून उद्भवली असावी. फ्लॅगविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ब्रेक काढून त्याच्या जागी फ्लॅग ठेवला की निर्गमन नाहीसे होत नाही, फक्त तहकूब होते; आणि तहकुबीच्या काळात खालच्या प्रत्येक ओळीला 'अजून संपले नसेल तरच' अशी पुस्ती जोडावी लागते. एकच फ्लॅग असेल आणि त्याचे नाव बोलके असेल तर निभावते. दोन झाले की त्यांच्या चार अवस्था संभवतात आणि त्यांतील किमान एक लिहिणाऱ्याच्या गावीही नसते.

यादीत शोधण्याचे काम सहा ओळींच्या स्वतंत्र फंक्शनमध्ये काढून, सापडताच तेथूनच रिटर्न करावे, हा तिसरा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. एकनिर्गमनवादी यावर आक्षेप घेतील. परंतु त्या रिटर्ननंतर त्या फंक्शनमध्ये जाणून घेण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही, त्यामुळे वाचकाचे ज्ञान कोठेही खंडित होत नाही. होर यांच्या नियमाचा आत्मा येथे शाबूत राहतो.

अकाली निर्गमनाच्या बाजूने सर्वांत बळकट साक्ष मिळाली ती प्रयोगातून. आकडे एकामागून एक वाचावेत, शून्य आले की थांबावे आणि तोवरच्या आकड्यांची सरासरी काढावी, हे काम कापसाचे वजन नोंदणाऱ्या कोणाही कारकुनाला परिचित आहे. यात वाचणे आधी, तपासणे मागाहून आणि बेरीज त्याच्याही नंतर. म्हणजे लूपमधून बाहेर पडण्याची स्वाभाविक जागा शिरोभागी नाही, शेवटीही नाही, मध्यभागी आहे. पास्कलमध्ये हे लिहावयाचे तर वाचण्याची आज्ञा दोनदा द्यावी लागे, एकदा लूपच्या आधी आणि एकदा लूपच्या अखेरीस. इलियट सोलोवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखविले की, लूपच्या मध्यातून बाहेर पडण्याची सोय दिली असता अधिक विद्यार्थी हे काम बिनचूक लिहितात; आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एरिक रॉबर्ट्स यांनी १९९५ साली याच आधारावर मिटलेला समजला जाणारा वाद पुन्हा उघडला. त्याच्याही आधी, १९७४ साली, डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या दीर्घ निबंधात 'साडे-एन वेळा' चालणाऱ्या या लूपची कैफियत मांडून, संरचित आज्ञावली म्हणजे गोटूचा अभाव नव्हे, हे समजावून सांगितले होते. अडा या भाषेने १९८३ मध्ये 'अमुक झाल्यास बाहेर' अशी स्वतंत्र आज्ञाच दिली, आणि ती लूपच्या मध्यात ठळकपणे दिसते. दोनदा लिहिलेल्या आज्ञेचा धोका ज्यांनी भोगला आहे त्यांना या प्रकरणी अधिक पुरावा लागणार नाही: दुरुस्ती एका प्रतीत होते आणि दुसरी तशीच राहते.

आता फंक्शनच्या आरंभी येणाऱ्या रिटर्नचा विचार करू. मामलेदार कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या इसमाचा अर्ज बारनिशीच्या कारकुनाने पाहावा, त्यावर स्टॅम्प नसेल, सही नसेल किंवा गावाचे नाव नसेल तर तेथल्या तेथे परत करावा, आणि जो अर्ज पुढच्या मेजावर जाईल तो पूर्ण आहे असे पुढच्या प्रत्येक अंमलदाराने गृहीत धरावे, ही जी रीत आहे तीच आज्ञावलीतील आरंभीच्या रिटर्नची. १९९७ मध्ये केंट बेक यांनी आणि १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांनी आपापल्या ग्रंथांत तिचा पुरस्कार केला. याउलट, एकच निर्गमन राखण्याच्या हट्टापायी 'स्टॅम्प असेल तर, त्यात सही असेल तर, त्यात गाव असेल तर' अशी अटीच्या पोटात अट घालीत गेल्यास मजकूर उजवीकडे सरकत सरकत पानाच्या कडेला टेकतो, मुख्य काम सर्वांत आतल्या पोटात जाऊन बसते, आणि पहिल्या अटीचे 'नाहीतर' चाळीस ओळींनी खाली, ज्याच्याशी त्याचा संबंध आहे त्याच्यापासून दूर, सापडते. आरंभीच्या रिटर्नमुळे वाचकाचे ज्ञान प्रत्येक ओळीगणिक वाढत जाते: ही ओळ ओलांडली म्हणजे स्टॅम्प आहे, ही ओलांडली म्हणजे सहीही आहे. लूपच्या पोटातील ब्रेक ज्ञान हिरावतो आणि आरंभीचे रिटर्न ज्ञान देते. आज्ञा एकाच जातीच्या असूनही परिणाम विरुद्ध होतो, आणि म्हणूनच रिटर्नची केवळ शिरगणती करून निकाल देणारी मंडळी मला चुकीच्या तराजूने तोलताना दिसतात.

बर्ट्रंड मेयर यांच्या आयफेल भाषेत ब्रेक नाही, मध्येच रिटर्न नाही, आणि तरीही अटींची उतरंड लागत नाही. कारण तेथे पूर्वअटी फंक्शनच्या मस्तकी स्वतंत्र कलमात लिहावयाच्या असतात आणि त्या पाळण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यावर असते. ॲपलच्या स्विफ्ट भाषेने २०१५ मध्ये नेमके उलट टोक गाठले: तेथे गार्ड ही आज्ञा आहे, आणि अट न जुळल्यास बाहेर पडलेच पाहिजे अशी सक्ती खुद्द कंपायलरच करतो. दोन्ही भाषांचा हेतू एकच दिसतो, की पुढचा मजकूर कोणत्या गृहीतावर उभा आहे ते वाचकाला आधीच कळावे.

एकनिर्गमनाच्या बाजूचा जो व्यावहारिक मुद्दा होता तो आवराआवरीचा. फंक्शनने फाइल उघडली असेल, कुलूप लावले असेल, स्मृतीचा तुकडा मागून घेतला असेल, तर बाहेर पडण्यापूर्वी ते सर्व परत करणे त्याला बंधनकारक असते. आणि रिटर्न पाच ठिकाणी असतील तर पाचपैकी एका ठिकाणी विसर पडणारच. सी भाषेत याला अंगभूत उपाय नव्हता. म्हणून लिनक्सच्या गाभ्याच्या लेखननियमांत एक चमत्कारिक दिसणारी, पण विचारपूर्वक दिलेली मुभा आहे: आवरण्यासारखे काही नसेल तर खुशाल तेथूनच परत जा, पण असेल तर गोटूने फंक्शनच्या तळाशी जा, तेथे सर्व आवर आणि मग बाहेर पड. गोटूचा हा वापर निर्गमन एके ठिकाणी आणण्यासाठी आहे, म्हणजे ज्याच्यावर निर्गमन विखुरल्याचा आरोप होता त्यालाच ते गोळा करण्याच्या कामी नेमले आहे. हीच रीत ॲपलच्या सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या मजकुरातही होती, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले की तळाकडे नेणारी गोटूची ओळ तीत चुकून लागोपाठ दोनदा पडली आहे. पहिली अटीच्या अधीन, दुसरी बिनशर्त, सबब खालची स्वाक्षरीची तपासणी कधी होतच नव्हती आणि उत्तर मात्र 'सर्व ठीक' असे जात होते. गोटूचे विरोधक यात आपला विजय पाहतात, तर महिरपी कंसाचे आग्रही आपला. माझ्या मते उतारा तसा नीटनेटका होता आणि नियम पाळूनच लिहिलेला होता. खोट एवढीच की नियम पाळलेल्या मजकुराकडे कोणी संशयाने पाहत नाही.

सी++ मध्ये वस्तू आपल्या कक्षेबाहेर जाताच स्वतःच आवरून घेते, जावामध्ये फायनली आहे, पायथॉनमध्ये विथ, गो भाषेत डिफर. या सोयी आल्यापासून आवराआवरीचा मुद्दा त्या त्या भाषेपुरता निकालात निघाला आहे. तेथे एकनिर्गमनाचा आग्रह धरणारा वरिष्ठ जुन्या हुकुमाची अंमलबजावणी नव्या अमदानीत करीत असतो.

हे सर्व मान्य केले तरी लूपच्या आतील आज्ञांविषयी सावधगिरी सोडावी असे मी म्हणणार नाही. सी भाषेत ब्रेक हा शब्द लूपमधूनही बाहेर काढतो आणि स्विच या अनेक शाखांच्या आज्ञेमधूनही. दोन्ही एकमेकांच्या पोटात असले की तो नेमका कोणातून काढील हे मजकुराच्या मांडणीवरून चटकन कळत नाही. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे दूर पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे ९ तास कोलमडले, त्याचे मूळ अशाच एका ब्रेकमध्ये सापडले. न्यूयॉर्कमधील एक दूरध्वनी स्विच, म्हणजे जोडणी करणारे यंत्र, क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्याने शेजाऱ्यांना तसे कळविले. पहिल्या संदेशाची व्यवस्था चालू असतानाच दुसरा येऊन थडकला, तेव्हा आज्ञावलीतील स्विच आज्ञेच्या पोटातील अटीच्या पोटात असलेल्या ब्रेकने नियंत्रण भलत्याच जागी नेले, माहितीवर माहिती लिहिली गेली आणि शेजारी यंत्रही स्वतःला बंद करून पुन्हा सुरू झाले. त्याने आपल्या शेजाऱ्यांना तोच संदेश पाठविला. ११४ दूरध्वनी स्विचांचे सबंध जाळे या फेऱ्यात सापडले. महिनाभर आधीच, १९८९ च्या डिसेंबरात, हा सुधारलेला मजकूर सर्व यंत्रांवर चढविण्यात आला होता.

कंटिन्यूची खोडी याहून लहान, पण नित्याची. फॉर लूपमध्ये कंटिन्यू आला तर मोजणारा चल आपोआप पुढे सरकतो. तोच लूप व्हाइलमध्ये बदलून लिहिला आणि चल वाढविण्याची ओळ तळाशी राहिली, तर कंटिन्यू ती ओळ टाकून जातो आणि आज्ञावली एकाच जागी फिरत राहते. कंटिन्यूऐवजी अट उलटी करून काम तिच्या पोटात घातले तर एक पायरी वाढते, पण हा अपघात संभवत नाही. कंटिन्यू फेरीच्या अगदी पहिल्या एकदोन ओळींत, अपात्र नोंद वगळण्यापुरता असावा. खाली कोठे तरी दिसला तर लूपच फोडण्याची वेळ आली असे समजावे.

पुण्याच्या परिसरात मोटारींसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या कचेऱ्यांत हा वाद मतांचा न राहता नियमांचा झाला आहे. मोटार उद्योगासाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली तयार झालेल्या मिस्रा सी या नियमावलीच्या २००४ च्या आवृत्तीत कंटिन्यू सर्वस्वी निषिद्ध होता, प्रत्येक लूपला फार तर एकच ब्रेक मंजूर होता आणि फंक्शनचे निर्गमन अखेरीस एकच असणे बंधनकारक होते. २०१२ च्या आवृत्तीत कंटिन्यूवरील निषेध उठला, आणि एकनिर्गमनाचा व एका ब्रेकचा नियम केवळ सल्ला म्हणून राहिला. ही माघार कोणी गाजावाजा करून सांगितली नाही. दुसरीकडे, वाहनांच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएसओ २६२६२ या २०११ च्या मानकाने प्रत्येक उपकार्यास एकच प्रवेश व एकच निर्गमन असावे अशी जोरदार शिफारस कायम ठेवली, त्यामुळे तपासनीसापुढे जाणाऱ्या मजकुरात एकच रिटर्न ठेवण्याची वहिवाट तेथे अद्याप टिकून आहे. गुंतागुंत मोजणारी साधनेही एकमताची नाहीत: थॉमस मॅकेब यांचे १९७६ चे परिमाण निर्णयांची संख्या मोजते, म्हणून रिटर्न काढून फ्लॅग घातला की आकडा पुष्कळदा वाढतो, तर सोनारसोर्स कंपनीचे नवे परिमाण अटींच्या उतरंडीला दंड आकारते आणि आरंभीच्या रिटर्नला माफी देते. नियम लावणारा एक आणि मोजणारा दुसरा असला की तरुण प्रोग्रामरची जी ओढाताण होते ती पाहून करमणूक होते, पण ती दुरूनच.

राहता राहिला एक प्रश्न, जो सिद्धांतानेही सुटला नाही आणि संकेतानेही: लूपच्या पोटात लूप असताना आतून एकदम बाहेर पडणे. तालुक्यातील प्रत्येक गावासाठी आणि त्या गावातील प्रत्येक गटासाठी शोध चालू असता हवी ती नोंद सापडली, तर दोन्ही लूप एकाच वेळी सोडावयाचे कसे? साधा ब्रेक आतला लूप सोडतो आणि बाहेरचा निर्विकारपणे पुढील गावाकडे वळतो. एस. राव कोसराजू यांनी १९७४ साली सिद्ध केले की, नवे चल न घेता लिहावयाचे असेल तर जितक्या पातळ्या एकदम सोडता येतात तितके आज्ञावलीचे सामर्थ्य खरोखरच वाढते. दोन पातळ्यांचे काम एका पातळीच्या ब्रेकने भागत नाही. जावाने १९९५ मध्ये गोटू हा शब्द राखून ठेवला पण वापरास दिला नाही, आणि त्याऐवजी लूपला नाव देऊन त्या नावाने बाहेर पडण्याची सोय केली. पुष्कळ कचेऱ्यांत ती गोटूचाच अवतार म्हणून त्याज्य समजली जाते आणि दोन्ही लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढून रिटर्न करण्याचा आग्रह धरला जातो. बहुतेक वेळा तो आग्रह योग्यच असतो. परंतु आतल्या लूपने बाहेरची पाचसहा चले हाताळली असतील, तर ती सर्व नव्या फंक्शनला देऊन पुन्हा परत घेण्यात जो पसारा होतो तो नाव लावलेल्या ब्रेकपेक्षा वाचावयास कठीण असतो. अशा ठिकाणी मी नाव लावलेला ब्रेक मंजूर करतो, लूपचे नाव 'बाहेरचा' असे न ठेवता 'गावांचा शोध' असे ठेवावयास सांगतो, आणि लूपच्या लगेच खाली, तेथे पोचण्याचे मार्ग दोन आहेत व प्रत्येकात काय सत्य असेल, याचा दोन ओळींचा शेरा मागतो.